एक दिवस, अनेक जलक्रीडा

बंगळूर शहराच्या वायव्य भागात यशवंतपूर ही गजबजलेली वस्ती आहे. शेतमालाची मोठी बाजारपेठ, चंदनी साबणाचा प्रसिद्ध कारखाना, जवळच भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार आणि या साऱ्यांच्या सान्निध्यात रेल्वेचे एक मोठे स्थानक, असे तिचे स्वरूप आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर असून ही भूमी समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहूनही अधिक उंचीवर आहे. असे असले तरी सागरतीरावरील सुटीचा प्रारंभ असंख्य कुटुंबांच्या बाबतीत याच स्थानकावर होतो. येथून वास्को-द-गामाला जाणारी गाडी हुबळी व लोंढा ही गावे मागे टाकून कॅसलरॉकपाशी पठाराच्या कडेला येते आणि ब्रागांझा घाटातून, दूधसागर धबधब्याच्या कुशीतून, गोव्याच्या सखल भूमीत उतरते. बंगळूरमध्ये स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे हा प्रवास करतात. त्यांतील काही गोव्यातच थांबतात, तर काही पुढे मालवण-तारकर्लीपर्यंत जातात.

हाताशी दिवस थोडे असतात आणि मुलांचा उत्साह मोठा असतो. किनाऱ्यावर पोहोचताच एकाच तिकिटावर पाच-सहा खेळ देऊ करणारा कोणीतरी भेटतो. स्कूबाची बुडी, पॅरासेलिंग, जेटस्की, बनाना बोट, कयाक हे सर्व एका दिवसात आणि बहुधा एका सकाळीच उरकण्याची सोय त्यात असते. या सोयीत आनंद आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु खेळ पाच असले, तरी ते सोसणारे शरीर एकच असते, आणि ज्या पाण्यावर ते खेळले जातात त्याची प्रकृती सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखी राहत नाही. म्हणून कोणता खेळ केव्हा खेळावा, कोणता कशानंतर खेळावा आणि कोणता त्या दिवशी सोडून द्यावा, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. त्यांची उत्तरे तिकिटावर छापलेली नसतात. ती वारा, पाण्याचा दाब आणि आपले शरीर यांच्या नियमांतून मिळतात.

निरनिराळ्या उगमांचे खेळ

आज एका किनाऱ्यावर एकत्र दिसणारे हे खेळ मुळात एकमेकांचे सोबती नव्हेत. कयाक ही उत्तर ध्रुवाजवळील इनुइट लोकांची शिकारीची होडी आहे. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर कातडे ताणून ती बांधली जात असे, आणि तीत बसणारा मनुष्य कमरेपर्यंत तिच्याशी जणू एकजीव होत असे. स्कूबाचे उपकरण हे अलीकडचे आहे. झाक-ईव्ह कूस्तो आणि अभियंता एमील गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली असे उपकरण सिद्ध केले की, ज्यामुळे पाणबुड्याला त्याच्या खोलीवरील दाबाइतक्याच दाबाची हवा, त्याने श्वास घेताच आपोआप मिळू लागली. नौकेने ओढल्या जाणाऱ्या छत्रीने आकाशात चढण्याची कल्पना फ्रान्समध्येच १९६० च्या दशकाच्या आरंभी आकारास आली. जेटस्की ही तर १९७० च्या दशकात बाजारात आलेली, मोटारसायकलीच्या कल्पनेवर बेतलेली वस्तू आहे.

हा इतिहास येथे देण्याचे कारण असे की, प्रत्येक खेळाने शरीराकडे एक वेगळीच मागणी केलेली आहे. कयाक खांद्यांना आणि पाठीला राबविते. स्कूबा कान, फुप्फुसे व मन यांची परीक्षा पाहते. पॅरासेलिंगमध्ये मनुष्य स्वतः जवळजवळ काहीच करीत नाही आणि त्याची सारी भिस्त वारा, दोर व नौका चालविणारा तांडेल यांवर असते. जेटस्कीत वेग हाती येतो, परंतु त्या वेगाला आवर घालण्याची सवय हाताला नसते. एका दिवसात हे सर्व करणारा मनुष्य चार वेगवेगळ्या परीक्षांना बसत असतो, आणि त्यांपैकी एकीचीही तयारी त्याने बहुधा केलेली नसते.

वाऱ्याचे वेळापत्रक

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर, पावसाळा संपल्यापासून वैशाखापर्यंत, वाऱ्याचा एक दैनिक क्रम असतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. यालाच मतलई वारे म्हणतात. सूर्य वर आला की जमीन तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्राकडील हवा तिची जागा घेण्यासाठी धावते. हे खारे वारे होत. ते साधारणपणे दुपारच्या सुमारास जाणवू लागतात, तिसऱ्या प्रहरी त्यांचा जोर सर्वांत अधिक असतो आणि सूर्यास्तानंतर ते मंदावतात.

या क्रमावरून खेळांचा क्रम पुष्कळ अंशी ठरतो. सकाळी समुद्राचा पृष्ठभाग शांत असतो, पाणी त्या मानाने निवळ असते आणि लाटांनी ढवळलेली वाळू खाली बसलेली असते. पाण्याखाली पाहण्याचे जे खेळ आहेत, म्हणजे स्कूबा आणि श्वासनळी लावून पृष्ठभागावर तरंगण्याचा स्नॉर्केलिंगचा खेळ, त्यांची वेळ हीच होय. कयाकलाही सकाळचे शांत पाणी मानवते. मात्र मतलई वारा किनाऱ्याकडून बाहेर वाहत असल्यामुळे, हलकी होडी वल्हवणाऱ्याला नकळत ती खोल पाण्याकडे सरकत जाते. जाताना प्रवास सुखाचा वाटतो आणि परतताना तोच वारा तोंडावर येतो. म्हणून नवख्याने कयाक उघड्या समुद्रात न नेता खाडीत किंवा नदीच्या मुखाच्या आतल्या बाजूस चालवावी. तारकर्लीजवळची कर्ली नदीची खाडी किंवा गोव्यातील नद्यांची शांत पात्रे यासाठी अधिक योग्य आहेत.

वाऱ्याविषयी आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याने पॅरासेलच्या छत्रीवर पडणारा जोर दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. सकाळी ज्या वाऱ्यात छत्री डौलाने तरंगत होती, त्याच्या दुप्पट वेगाचा झोत दुपारी आला, तर दोर, कड्या व पट्टे यांवरील ताण चौपट वाढतो. म्हणून पॅरासेलिंगची वेळ उजेड पुरेसा असताना, परंतु खाऱ्या वाऱ्यांनी जोर धरण्यापूर्वी असावी. वारा वाढला म्हणून तांडेलाने खेळ थांबविला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. उलट, सभोवती लाटांना पांढरे फेस येऊ लागले असताही जो ‘काही होत नाही’ असे म्हणतो, त्याच्यापासून दूर राहावे.

पाण्याखालील दाब

आता या दिवसाच्या सर्वांत गंभीर भागाकडे वळू. आपल्या डोक्यावरील संपूर्ण वातावरणाचा जो दाब समुद्रसपाटीवर असतो, तेवढाच आणखी दाब समुद्रात केवळ १० मीटर खाली गेल्याने वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर शरीरावर दुप्पट दाब असतो. रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली मांडलेल्या नियमानुसार, तापमान कायम असता, दाब दुप्पट झाला की वायूचे घनफळ निम्मे होते. पाणबुड्याला जे काही शिकविले जाते, त्यातील बरेचसे या एका वाक्यात सामावलेले आहे.

प्रथम कानांचा विचार करू. कानाच्या पडद्यामागे हवेची एक पोकळी असते आणि ती एका अरुंद नळीने घशाशी जोडलेली असते. खाली जाताना बाहेरचा दाब वाढून पडदा आत ढकलला जातो. एक-दोन मीटर खोलीवरच कानात दडा बसल्याची भावना होते. अशा वेळी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, नाकातून हलकेच हवा सोडण्याचा प्रयत्न केल्यास ती नळी उघडते आणि आतील व बाहेरील दाब समान होतो. ही क्रिया दुखू लागण्यापूर्वी आणि वारंवार करावयाची असते. जोर मात्र मुळीच लावू नये. दुखणे सुरू झाले, तर थोडे वर यावे. ज्याला सर्दी झाली आहे त्याची ही नळी सुजलेली असते, म्हणून त्याने त्या दिवशी बुडी मारू नये. तिकिटाचे पैसे परत मिळतात की नाही, याचा विचार येथे गौण आहे.

दुसरा विचार फुप्फुसांचा. १० मीटर खोलीवर छातीभर श्वास घेऊन तो कोंडून एखादा मनुष्य वर आला, तर पृष्ठभागावर येईपर्यंत त्या हवेचे घनफळ दुप्पट होऊ पाहते. फुप्फुसे काही तितकी ताणली जात नाहीत, ती फाटतात. विशेष असे की, हा धोका खोल पाण्यापुरताच नाही. भरलेली छाती कोंडून दीड-दोन मीटरांवरून घाईने वर येणेही घातक ठरू शकते. घाबरलेला नवखा मनुष्य जी पहिली गोष्ट करतो, ती श्वास रोखण्याचीच, आणि तोच त्याचा मोठा शत्रू होय. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा सांगितला जातो की, पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये. तो संथपणे, अखंड चालू ठेवावा.

येथे वाचकाच्या मनात एक शंका येईल. स्नॉर्केलची नळी केवळ वीतभर-दीड वीतभर लांब का असते? ती मीटरभर लांब केली, तर टाकीवाचूनच पाण्याखाली राहता येणार नाही काय? याचे उत्तर दाबाच्या नियमातच आहे. मीटरभर खोलीवर छातीवर पडणारा अधिक दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक दशांश असतो, आणि नळीतून येणारी हवा मात्र पृष्ठभागाच्या दाबाची असते. छातीचे स्नायू तेवढा भार फार वेळ उचलू शकत नाहीत. शिवाय लांब नळीत सोडलेलीच हवा साचून राहते आणि पुनःपुन्हा तीच आत घेतली जाते. कूस्तो व गान्यां यांच्या उपकरणाचे महत्त्व यावरून कळून येते, कारण त्याने दिलेली हवा सभोवतीच्या दाबाशी जुळविलेली असते.

बुडीनंतरचा घाट

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ साली दाखवून दिले की, अधिक दाबाखाली श्वास घेतला असता हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतींमध्ये विरघळतो आणि दाब एकाएकी उतरला की तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सोड्याची बाटली उघडताच फेस यावा, तसाच हा प्रकार आहे. सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंतचे विकार यातून उद्भवतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन व त्याचे सहकारी यांनी १९०८ साली पाणबुड्यांनी टप्प्याटप्प्याने वर कसे यावे, याची कोष्टके प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर हा धोका पुष्कळ कमी झाला.

हौशी पर्यटकाची बुडी बहुधा उथळ आणि अल्पकाळाची असते. तीत शोषला जाणारा नायट्रोजन थोडाच असतो. तरीही तो शरीरातून पूर्णपणे बाहेर पडण्यास काही तास लागतात. म्हणून बुडीनंतर उंचावर जाण्याविषयी एक सर्वमान्य मार्गदर्शक नियम आहे. एकच बुडी मारली असल्यास किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्या किंवा अनेक दिवस बुड्या मारल्या असल्यास किमान १८ तास विमानप्रवास करू नये. विमानाच्या आत हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असला, तरी तो समुद्रसपाटीइतका नसून सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावरील दाबाइतका असतो.

या नियमाचा जो भाग पर्यटकांच्या ध्यानात सहसा येत नाही, तो असा की, उंची विमानानेच गाठली पाहिजे असे नाही. सुमारे ६०० मीटरांहून अधिक उंचीवर जाणे हे या दृष्टीने उंचावर जाणेच होय, मग ते आगगाडीने असो की मोटारीने असो. मालवणहून आंबोलीमार्गे बेळगावकडे निघालेला प्रवासी सुमारे ६९० मीटर उंचीच्या आंबोलीवरून जातो आणि बेळगाव तर सुमारे ७५० मीटरांवर आहे. गोव्याहून यशवंतपूरला परतणारी गाडी रात्रीतून घाट चढून ९०० मीटरांच्या वरच्या पठारावर पोहोचते. तेथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाहून सुमारे एक दशांशाने कमी असतो. तेव्हा घरी परतण्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी बुडी मारून त्याच संध्याकाळी विमानात बसणे किंवा मोटारीने घाट चढू लागणे, ही गोष्ट टाळलीच पाहिजे. सकाळी १० वाजता वर आलेल्या मनुष्याचे १२ तास रात्री १० ला पूर्ण होतात. तोच मनुष्य दोनदा खाली गेला असेल, तर दुसऱ्या बुडीपासून १८ तास मोजावे लागतील. हा हिशेब बोटांवर करता येण्याजोगा आहे, आणि तो तिकीट काढण्यापूर्वी करावयाचा असतो.

पॅरासेलिंगने जी उंची गाठली जाते तिचे काय, असे कोणी विचारील. १०० मीटर उंचीने हवेच्या दाबात पडणारा फरक हा सुमारे १२ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतकाच असतो. त्यामुळे दाबाच्या दृष्टीने तो नगण्य होय. बुडीनंतर खरे टाळावयाचे ते कष्टाचे काम, कारण जोराच्या श्रमाने बुडबुडे होण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. या कारणास्तव बुडीनंतर तासभर कयाक मारणे, हे दहा मिनिटे छत्रीखाली बसून राहण्यापेक्षा अधिक अयोग्य आहे.

वेगाचे खेळ

जेटस्कीविषयी एकच गोष्ट नीट समजून घेतली, तर पुष्कळ अनर्थ टळतील. मोटारीची चाके जमिनीला धरून असतात, म्हणून वेग कमी केला तरी ती वळविता येते. जेटस्कीला चाकेही नसतात आणि सुकाणूही नसते. मागच्या तोंडातून जोराने फेकला जाणारा पाण्याचा झोत ज्या दिशेला वळवावा, त्यानुसार ती वळते. समोर अडथळा दिसताच घाबरून वेगाची कळ सोडली की झोत थांबतो, आणि त्याबरोबर वळण्याची शक्तीही जाते. यंत्र मात्र आधीच्या वेगाने सरळ पुढे जात राहते. मोटार चालविण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही, उलट घात करते. नवीन यंत्रांत यावर काही उपाय योजलेले आहेत, परंतु भाड्याचे यंत्र नवीनच असेल असे धरून चालू नये. पोहणाऱ्यांपासून व इतर नौकांपासून दूर राहणे आणि वळण आधीच योजणे, हाच खरा ब्रेक होय. यंत्र थांबविणारी जी दोरी मनगटाला बांधावयाची असते, ती न बांधता निघू नये.

बनाना बोट ही हसण्याखिदळण्याची गोष्ट समजली जाते, आणि ती तशी आहेही. तिच्यावरून पाण्यात पडणे हा खेळाचाच भाग मानतात. तथापि एकदम पडणाऱ्या सहा जणांची डोकी, कोपरे व गुडघे एकमेकांवर आदळतात, हे विसरू नये. चष्मा, अंगठ्या, मंगळसूत्र वगैरे वस्तू काढून ठेवाव्यात. मानेचे किंवा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी या खेळापासून दूर राहावे.

खेळांच्या मधला काळ

जलक्रीडांचा धोका खेळ चालू असतानाच असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु अलीकडच्या दोन दुर्घटना निराळेच काही सांगतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे स्कूबा आटोपून परतणारी पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. पावसाळ्यासाठी हे खेळ बंद होण्याचे दिवस अगदी जवळ आलेले होते. २५ डिसेंबर २०२४ रोजी गोव्यात कलंगुटच्या समुद्रात, किनाऱ्यापासून फार दूर नसलेली एक पर्यटक नौका उलटली. तीत एकाचा अंत झाला आणि वीस जणांना वाचविण्यात आले. या दोन्ही ठिकाणी माणसे खेळ खेळत नव्हती. ती नौकेत होती, म्हणजे जो भाग खेळापैकी नव्हेच असे पर्यटक समजतो, नेमक्या त्या भागात होती.

यावरून निघणारा बोध स्पष्ट आहे. लाइफ जॅकेट हे खेळाचे साहित्य नसून समुद्रावर असेपर्यंतचे वस्त्र आहे. बुडी संपली, आता केवळ परतावयाचे आहे, म्हणून ते काढून ठेवणे किंवा त्याच्या पट्ट्या सैल सोडणे चुकीचे आहे. जॅकेटवर त्याची तरंगविण्याची शक्ती न्यूटन या एककात लिहिलेली असते. ५० न्यूटनचे जॅकेट हे पोहता येणाऱ्याला केवळ आधार देते. १०० न्यूटनचे शांत पाण्यासाठी असते, तर उघड्या समुद्रासाठी १५० न्यूटनचे योग्य समजतात, कारण शुद्ध हरपलेल्या मनुष्यालाही ते सहसा उताणे करून तोंड पाण्यावर ठेवू शकते. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले, तर ते वर सरकते आणि मूल खालून निसटते. नौकेत पाय ठेवण्यापूर्वी आणखी एक काम करावे, ते म्हणजे माणसे मोजणे. नौकेवर लिहिलेल्या संख्येहून ती अधिक असतील, तर पुढच्या फेरीची वाट पाहावी.

किनाऱ्यावरील निशाणेही वाचावयास शिकले पाहिजे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळ्या दोन निशाणांमधील पाण्यावर त्यांची नजर असते. लाल निशाण म्हणजे पाण्यात उतरू नये. दोन खेळांच्या मधल्या वेळात ‘जरा डुंबून येतो’ म्हणून गेलेला मनुष्य पुष्कळदा आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडतो. अशा प्रवाहाशी सरळ झुंज घेऊ नये. किनाऱ्याला समांतर दिशेने पोहत प्रथम त्या अरुंद पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग किनाऱ्याकडे वळावे. पोहणे जमत नसेल, तर उताणे तरंगत राहून हात हलवून मदत मागावी.

थकवा साठतो कसा

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. आपल्या किनाऱ्यावरील समुद्र २७-२८ अंशांचा, म्हणजे उबदारच असतो. परंतु त्वचेहून तो थंड असल्यामुळे तास-दोन तासांत अंगातील पुष्कळ उष्णता निघून जाते. त्याच वेळी पाण्याच्या दाबामुळे हातापायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते. शरीराला ते जास्तीचे पाणी वाटते आणि लघवीचे प्रमाण वाढते. वरून ऊन व खारा वारा यांचे शोषण चालूच असते. अशा रीतीने सभोवार पाणी असूनही मनुष्य आतून कोरडा पडतो. त्याला तहान जाणवत नाही, परंतु निर्णयशक्ती मंद होते, हातांची पकड ढिली पडते आणि ‘आता आणखी एक खेळ’ म्हणण्याचा मोह मात्र वाढतो. एका दिवसातील पाचवा खेळ पहिल्याइतकाच सोपा असला, तरी तो खेळणारा मनुष्य सकाळइतका सावध राहिलेला नसतो.

म्हणून दर दोन खेळांमध्ये किमान तासभर सावलीत बसावे, साधे पाणी किंवा नारळपाणी प्यावे आणि हलके खावे. नौका लागू नये म्हणून जी गोळी घेतात तिने झोप येते, तेव्हा ती वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. मद्याविषयी तर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. ते आदल्या रात्रीचेही नको आणि मधल्या वेळचेही नको.

एक नमुना दिवस

समजा, यशवंतपूरहून चौघांचे एक कुटुंब आले आहे. वडिलांना रक्तदाबाचा विकार आहे, आईला पोहता येत नाही, मुलगी महाविद्यालयात शिकते आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्यांनी खेळ कसे वाटून घ्यावेत?

सकाळी ८ च्या सुमारास, पोटात हलका आहार असताना, केवळ मुलीने प्रशिक्षकासह एक बुडी मारावी. वडिलांनी प्रकृतीविषयीचे पत्रक खरेखुरे भरावे आणि वैद्यकीय अनुमती नसल्यास नौकेतच बसून राहावे. नऊ वर्षांच्या मुलाला खुल्या समुद्रातील बुडी बहुतेक जबाबदार संस्था देतच नाहीत. त्याने जॅकेट घालून, आईवडिलांच्या हाताच्या अंतरावर, उथळ पाण्यात स्नॉर्केल लावून मासे पाहावेत. मालवणच्या परिसरात हे करीत असल्यास प्रवाळावर उभे राहू नये. तेथील २९ चौरस किलोमीटरांचा सागरी प्रदेश १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि पायाखाली मोडलेले प्रवाळ पुन्हा वाढण्यास वर्षे लागतात.

बुडी आटोपल्यावर सर्वांनी दीड-दोन तास विश्रांती घ्यावी. त्यानंतर खारे वारे जोर धरण्यापूर्वी आई व मुलगी यांनी पॅरासेलिंग करावे. त्यासाठी पोहता येण्याची गरज नसली, तरी जॅकेट आवश्यकच आहे. दुपारचे ऊन सावलीत काढावे. वारा उतरल्यावर, संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी, वडील व मुलगा यांनी खाडीच्या शांत पाण्यात दोघांच्या कयाकमधून फेरफटका मारावा. मुलीने कयाक त्या दिवशी सोडून द्यावी, आणि जेटस्की व बनाना बोट सर्वांनीच सोडून द्यावी. चौघांना मिळून खेळ चार झाले. कोणा एकाच्या वाट्याला मात्र दोनांहून अधिक आले नाहीत. परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची असल्यामुळे मुलीचे तास निश्चिंतपणे पूर्ण होतात.

तिकिटावर छापलेल्या पाच-सहा खेळांच्या मानाने हा दिवस कोणाला रिकामा वाटेल. परंतु या दिवसात मुलीला पाण्याखालचे जग घाईविना दिसले, पोहता न येणाऱ्या आईने वरून सारा किनारा पाहिला आणि वडिलांना आपल्या मुलाबरोबर एकाच लयीत वल्ही मारण्याचे सुख मिळाले. जे खेळ राहिले, ते पुढील सुटीसाठी राहिले. समुद्र तेथेच असणार आहे आणि यशवंतपूरहून गाडीही सुटणार आहे. त्या गाडीत चौघेही पुन्हा धडधाकट बसलेले असावेत, एवढीच काळजी आपण घ्यावयाची असते. तेव्हा वाचकाने किनाऱ्यावर पाय ठेवण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. वारा आज कोणत्या वेळी वाढेल? शेवटची बुडी आणि घाटाचा चढ यांमध्ये किती तास आहेत? आणि आपल्यापैकी सर्वांत थकलेला माणूस या क्षणी कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळताच, त्या माणसाच्या मानाने दिवसाचा पुढचा भाग आखावा.